न मागितलेली मायभूमी

मेल्व्हिल कॉक्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्याचे चरित्र आम्ही प्रथम वाचले, तेव्हा डोळे पाणावले होते. मार्च १८३३ मध्ये ते लायबेरियातील मन्रोव्हियास पोहोचले आणि २१ जुलै रोजी तापाने त्यांचा बळी घेतला. वय अवघे ३३! त्या समर्पणापुढे आमचे मस्तक आजही नम्र होते.

परंतु ज्या वसाहतीसाठी त्यांनी देह ठेवला, तिचे मूळ शोधू जाता मन खिन्न झाले. १८१६ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी स्थापन झाली. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, हा तिचा हेतू. तिच्यात गुलामगिरीची चीड असलेले सज्जन होते, तसेच मुक्त कृष्णवर्णीय डोळ्यांसमोर नकोत म्हणणारे गुलामांचे मालकही होते. दोघांनाही एकच जहाज सोयीचे वाटले.

ज्यांना पाठवायचे, त्यांचे काय? जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे ३,००० कृष्णवर्णीय जमले. चर्च रिचर्ड ॲलन यांचे. जन्माने गुलाम, स्वकष्टाने स्वातंत्र्य विकत घेतलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक. पुढारी योजनेस काहीसे अनुकूल होते. पण कौल मागताच होकाराचा एकही आवाज उठला नाही. पूर्वजांचा घाम जिरला तीच आपली भूमी. बेड्यांतील बांधवांना टाकून जायचे नाही, हा त्यांचा निर्धार. १८२० मध्ये डॅनिएल कोकर हे कृष्णवर्णीय मेथडिस्ट उपदेशक आफ्रिकेस गेले, हेही खरे. पण ते स्वेच्छेने.

जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्येच गुलामगिरीचा धिक्कार केला होता. तरीही १८४४ मध्ये एका बिशपांकडे गुलाम असल्यावरून अमेरिकेतील मेथडिस्टांत फूट पडली. हे वाचून आम्ही कॅथलिकांनी नाके मुरडण्याचे कारण नाही. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम विकले. पुढच्याच वर्षी सोळावे ग्रेगरी पोप यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. विकले गेलेले मात्र परत आले नाहीत.

कॉक्स यांच्या त्यागात खोट नव्हती. खोट होती ती ज्यांच्या भल्याची योजना आखली, त्यांचे ऐकून न घेण्यात. सेवा करावयास निघण्यापूर्वी 'तुला काय हवे?' असे विचारणे ही सेवेची पहिली पायरी होय. बार्तिमयाला प्रभू येशूने दृष्टी देण्याआधी हेच विचारले होते. आम्ही मात्र उत्तर आधीच ठरवून निघतो.