ल मॉर्नच्या पायथ्याशी अर्धा दिवस

मॉरिशस बेटाच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात पुढे सरकलेल्या एका लहानशा द्वीपकल्पावर ल मॉर्न ब्राबां नावाचा काळ्या बेसाल्टचा डोंगर उभा आहे. त्याची उंची 556 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या सुमारे एक तृतीयांश. सह्याद्रीच्या रांगेत तो असता तर पंचक्रोशीपलीकडे त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक झाले नसते. परंतु येथे तो सागरपातळीपासूनच सरळ उठतो. शेजारी दुसरे शिखर नाही, पायथ्याशी टेकड्यांची उतरंड नाही. तीन बाजूंनी फिकट निळे पाणी आणि मध्ये हा उभा कडा. युनेस्कोने 2008 साली या परिसराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. तो निसर्गसौंदर्यासाठी केला असावा, असा समज चित्र पाहणाऱ्याचा होतो. खरे कारण निराळे आहे.

मुंबईहून सहा तासांच्या आसपास विमानप्रवास, घड्याळ दीड तास मागे, वाहने डाव्या बाजूने, चलनाचे नाव रुपयाच. त्यामुळे व्यापारी कुटुंबांना हा देश परका वाटत नाही. सात-आठ दिवसांच्या मुक्कामात पश्चिम किनाऱ्यावरून एक अर्ध्या दिवसाची सहल बहुतेक सहलसंस्था सुचवितात : आधी डोंगराचे दर्शन आणि मग त्याच्याच पायथ्याशी वाळूवरून घोड्यावरची रपेट. दुपारच्या भोजनापर्यंत माणूस मुक्कामी परततो. आजोबा-आजी, मुले-सुना आणि नातवंडे अशा तीन पिढ्या सोबत असल्या तरी कोणाची फारशी दमछाक होत नाही. जून ते सप्टेंबर हा तेथील हिवाळा, आणि या सहलीला तोच काळ सर्वांत चांगला. डिसेंबर ते मार्च उष्मा, पाऊस आणि अधूनमधून चक्रीवादळे असतात.

पहाटे फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूने निघालेली मोटार उसाच्या शेतांतून दक्षिणेकडे वळते. तेथून जवळच कास्कावेल हे गाव आहे आणि त्या गावात मराठी समाजाचे महाराष्ट्र भवन आहे. कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मजुरांचे हे वंशज. घरात बहुतांशी क्रिओल भाषा बोलली जाते, मराठी शाळेत शिकावी लागते. तरी गणपती बसतो, कोकणच्या जाखडीचा वारसा सांगणारा 'झाकरी' हा प्रकार गायला-नाचला जातो आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या गावाचा उल्लेख सहसा नसतो. चालकाला सांगून दहा मिनिटे थांबावे; पुढे जे दिसणार आहे त्याच्याशी या गावाचा संबंध आहे.

रिव्हिएर न्वार मागे टाकून काझ न्वायाल या वस्तीपाशी आले की रस्ता किनारा सोडून शामारेलच्या चढाला लागतो. वळणे बरीच आहेत. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी पुढे बसावे. चढाच्या वाटेवर एका वळणावर थांबण्याची जागा आहे. तेथून खाली सारा नैऋत्य किनारा उलगडतो : डावीकडे ल मॉर्नचा कडा, समोर इल ओ बेनितिये हे लांबट बेट, त्याभोवती उथळ पाण्याच्या हिरव्या-निळ्या छटा आणि दूर प्रवाळकट्ट्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. सकाळी येण्याचे कारण येथे कळते. सूर्य पाठीमागे असतो आणि डोंगराची खळगी न खळगी उजळलेली दिसते. दुपारनंतर तोच डोंगर उजेडाविरुद्ध नुसता काळा आकार होऊन राहतो.

वर शामारेलला सप्तरंगी माती आहे, धबधबा आहे, कॉफीचे मळे आहेत. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांमुळे मातीला तांबूस, तपकिरी, जांभळट रंग आले, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. तथापि अर्ध्या दिवसात हे सर्व कोंबू पाहिले तर एकही जागा धड पाहून होत नाही. कड्याच्या दर्शनाला अर्धा तास निवांत द्यावा आणि खाली उतरावे. ल मॉर्नवर चढण्याची पायवाटही आहे, पण तिच्यासाठी स्वतंत्र सकाळ आणि भक्कम गुडघे राखून ठेवावे लागतात.

किनाऱ्यावर आल्यावर घोडे दिसतात आणि कुटुंबात वाद उभा राहतो. नातवंडे धावत पुढे जातात. आजी मात्र मागेच थांबते आणि विचारते, मुक्या जीवाच्या पाठीवर बसून मौज करावयाची कशाला? हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची नावे येतात. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेवर दाणापाणी न देणे, हे दोन्ही दोष बैलगाडीने आणि घोड्यांवरून माल नेणाऱ्या पूर्वीच्या व्यापाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातले होते. टेम्पो आणि ट्रक आले, तशी ही नावे पाठांतरापुरती उरली. पर्यटनाने त्यांना पुन्हा अर्थ दिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. माथेरानला स्थानकापासून घोड्यावर बसणारा, किंवा गिरनारला वजन करून डोलीचा दर ठरविणारा भाविकही याच प्रश्नापुढे उभा असतो. फक्त तेथे घाई असते, म्हणून तो विचारला जात नाही.

ज्या कुटुंबाला रपेट करावयाचीच आहे त्याने तबेल्याची पारख धान्याच्या पोत्याची करावी तशी करावी. प्रथम ओझे. स्वार आणि खोगीर यांचे मिळून वजन घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असू नये, हा जाणकारांत रूढ असलेला ठोकताळा आहे. घोडा 500 किलोचा धरला तर मर्यादा 100 किलो. त्यातून खोगिराचे आठ-दहा किलो वजा केले की स्वाराला 90 किलोच्या आसपास उरतात. घोडा लहानखुरा असेल तर त्याहूनही कमी. जो तबेला वजन विचारतो, तो चांगला. जो काहीच न विचारता थोराड माणसाला बारीक घोड्यावर बसवितो, तेथून पैसे न देता परतावे. मग घोड्याची पाठ पाहावी. खोगिराखाली जखम किंवा केस झडलेली जागा आहे का? बरगड्या मोजता येतात का? खूर चिरलेले आहेत का? सावलीत पाण्याची बादली ठेवली आहे का? एक घोडा दिवसातून किती फेऱ्या करतो, हे मोतद्दाराला सरळ विचारावे. उत्तर देताना तो अडखळला तर तेही उत्तरच.

मॉरिशसमध्ये घोड्यांची परंपरा जुनी आहे. राजधानी पोर्ट लुईस येथील शां द मार्स या मैदानावर 1812 पासून शर्यती चालत आल्या आहेत. शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांचे पुढे काय होते, हा सर्वच देशांत अवघड प्रश्न असतो. असा घोडा नीट वळण लावून स्वारीच्या तबेल्यात आला आणि त्याला माफक काम व पोटभर चारा मिळाला, तर ते त्याच्या दृष्टीने बरेच म्हणावे लागेल. आजींचे यावर समाधान होईलच असे नाही, आणि व्हावे असा आग्रहही नको. सुरूच्या झाडांखाली बसून त्यांनी पाहावे. ही झाडे येथे कोकणच्या किनाऱ्यासारखीच रांगेने उभी आहेत.

घोड्याच्या दृष्टीने हा किनारा सोयीचा आहे. कोकणात ओहोटी लागली की समुद्र लांब मागे जातो. येथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू बहुधा मिळते. कोरड्या, खोल वाळूत घोड्याच्या पायांच्या शिरांवर ताण येतो, म्हणून समजदार मोतद्दार कळप ओल्या पट्ट्यावरूनच नेतो. लाटा दूरच्या प्रवाळकट्ट्यावर फुटत असल्याने आतले पाणी तळ्यासारखे शांत असते आणि घोडा बुजत नाही. नवख्यांसाठी चाल केवळ पावलांची असते. पहिली दहा मिनिटे पाठ ताठ आणि मुठी आवळलेल्या. मग हळूहळू घोड्याची लय अंगात भिनते आणि दृष्टी वर जाते.

वर डोंगर असतो. सकाळी दुरून पाहिलेला तोच, पण आता तो अर्धे आकाश व्यापून आहे. त्याच्या कपारींत आणि माथ्यावर अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या प्रारंभापर्यंत पळून आलेले गुलाम लपून राहत. त्यांना 'मारून' म्हणत. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतून बहुसंख्य, तर काही भारतातूनही, फ्रेंच मळेवाल्यांनी गुलाम म्हणून येथे आणले होते. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेले आणि 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. परंपरेने सांगितले जाते की, मुक्तीची वार्ता देण्यासाठी शिपायांची तुकडी डोंगराकडे आली तेव्हा वरच्या लोकांना वाटले, आपल्याला पकडावयास आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही मौखिक परंपरा आहे. तिचा प्रत्येक तपशील कागदोपत्री सापडावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ज्यांची नोंद केवळ मालमत्तेत होत असे, त्यांची भीती कोण नोंदविणार?

मालमत्तेच्या नोंदी मात्र चोख आहेत. ब्रिटिश संसदेने 1833 च्या कायद्यान्वये साम्राज्यातील गुलाममालकांसाठी 2 कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. त्यातील 20 लाखांहून अधिक पौंड मॉरिशसमधील मालकांच्या पदरी पडले. मुक्त झालेल्या माणसांच्या नावे एक पैही जमा झाली नाही. उलट 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली 1839 पर्यंत त्यांना जुन्याच मालकांकडे राबावे लागले. ज्याला जमाखर्च वाचता येतो त्याने हे खाते शांतपणे वाचावे. नुकसान कोणाचे झाले आणि भरपाई कोणास मिळाली, हे दोन रकाने समोरासमोर ठेवल्यावर अधिक भाष्याची गरज उरत नाही.

या खात्याचे पुढचे पान भारताशी जोडलेले आहे. गुलाम सुटणार हे दिसताच मळेवाल्यांनी करारावरील मजुरांचा शोध सुरू केला. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलास' जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईसला उतरले; पुढील दशकांत लाखो आले. मुंबई बंदरातून निघालेले मराठी मजूर त्यांच्यातलेच. कास्कावेलच्या भवनाचा आणि या कड्याचा संबंध तो हाच : एका समाजाच्या पायातील बेडी निघाली आणि तिच्या जागी दुसऱ्या समाजाच्या अंगठ्याचा ठसा करारावर उमटला. त्या अंगठेबहाद्दरांच्या पणतवंडांनी पुढे शाळा काढल्या, दुकाने मांडली, देशाच्या कारभारात वाटा उचलला; ही त्या पानावरील जमेची बाजू.

घोड्यावरून उतरल्यानंतर पायथ्याशी असलेले गुलाम-मार्गाचे स्मारक पाहावयास फारसा वेळ लागत नाही. निरनिराळ्या देशांच्या शिल्पकारांनी घडविलेली दगडी शिल्पे मोकळ्या जागेत मांडली आहेत आणि मागे कडा आहे. दरवर्षी 1 फेब्रुवारीला येथे लोक जमतात. इतर दिवशी मात्र बहुतेक मोटारी न थांबता पुढे निघून जातात. चालकही आपणहून सांगत नाहीत, कारण प्रवाशांना हॉटेलच्या भोजनाची घाई असते, असा त्यांचा अनुभव.

भोजनाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. रस्त्यालगत मिळणारी डाळपुरी हा तेथील अगदी सर्वसामान्यांचा पदार्थ. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण भरलेली, मऊ आणि पातळ. पुरी चालण्यासारखी असली तरी सोबतच्या रश्श्यात आणि टोमॅटोच्या 'रुगाय'मध्ये कांदा-लसूण हमखास असतो. म्हणून कोरडी पुरी मागावी आणि घरचे लोणचे बरोबर ठेवावे. शाकाहार हा शब्द तेथे सर्वांना समजतो; कंदमुळे वर्ज्य असणे मात्र समजावून सांगावे लागते. छोटे, गोड अननस मीठ-मिरची लावून मिळतात आणि ते बहुधा सर्वांनाच आवडतात. जूनमध्ये सूर्यास्त सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास होतो. सहल दुपारीच आटोपत असल्याने चौविहार सांभाळणाऱ्यांची अडचण होत नाही.

निघण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे तबेल्याजवळ थांबू द्यावे. खोगीर उतरविले जाते, पाठीवर घामाचा ओला चौकोन उमटलेला दिसतो, मोतद्दार गोड्या पाण्याची नळी धरून पायांवरचे खारे पाणी आणि वाळू धुऊन काढतो. मग घोडा मान खाली घालून चाऱ्याला लागतो. सकाळी बाजूला थांबलेल्या आजी बहुधा याच वेळी पुढे येतात आणि दुपारच्या फेरीला हाच घोडा जाणार की दुसरा, हे चालकामार्फत विचारून घेतात.