माहेरचं पाणी

आवर्तन सुटल्याची बातमी आली की आई रोज संध्याकाळी चारीवर जाऊन उभी राहायची. पाणी आमच्या फाट्यापर्यंत पोचायला दिवस लागायचे. वरच्या अंगाला दारं उघडी, कुठं बांधाखालून कुणी पाईप टाकलेला, कुठं पाटकऱ्याची नजर चुकलेली. तरी ती जायचीच. मग एखाद्या संध्याकाळी, कोरड्या चारीतला पाचोळा आणि मळकट फेस पुढं ढकलत पाणी यायचं. ती वाकून ओंजळ भरायची, तोंडावर मारायची आणि म्हणायची, "माझ्या माहेरचं पाणी आलं."

तिचं माहेर बारामती तालुक्यात, माळेगावच्या बाजूला. सासर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. आमच्याकडं त्याला टेल म्हणतात, वरच्यांना हेड. हेडचा माणूस आणि टेलचा माणूस समोरासमोर बसले की पाण्याचा विषय निघतोच, आणि निघाला की चहा निवतो. आईच्या माहेरात आम्ही लहानपणी सुट्टीला जायचो तेव्हा मामा भरल्या पाटाकडं बोट दाखवून विचारायचा, "काय रे टेलवाल्यांनो, असं पाणी बघितलंय का कधी?" आम्ही चिडायचो, रडायचो, आणि मग त्याच पाटात संध्याकाळपर्यंत डुंबायचो.

पुढं माझ्या बहिणीलाही तिकडंच दिलं. तिचा मुलगा बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. माझा मुलगा इंदापूरला कॉलेजात. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच पाळण्यात निजले, आणि शाळेपासूनच त्यांच्यात एक वैर उभं राहिलं आहे. फुटबॉलमध्ये भाचा लिव्हरपूलचा. मुलगा मँचेस्टर युनायटेडचा.

सुट्टीत भाचा आला की रात्री ओट्यावर हा फड रंगतो.

"मामा, तुम्ही सांगा ह्याला. 1990 ला आमच्या लीगच्या अठरा ट्रॉफ्या होत्या आणि ह्यांच्या सात."

"आणि 2013 ला? आमच्या वीस, तुमच्या अठराच. 23 वर्षं काय करत होता तुम्ही?"

"दम धरला होता."

"दम न्हाय, दुष्काळ होता दुष्काळ!"

मला त्यांच्या तोंडचा 'आम्ही' हा शब्द ऐकत राहावासा वाटतो. ह्या दोघांनी ना लिव्हरपूलची मर्सी नदी पाहिली, ना युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची पायरी. त्यांच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीची आखणी होती आणि क्रिकेटची खेळपट्टी. फुटबॉलचे खांब तिथं कधी उभे राहिले नाहीत. तरी 'आम्ही' म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो, आणि तो खोटा नसतो. दिवाळीच्या तोंडावर पारावर बसलेले बागायतदार "आमच्या कारखान्यानं एवढा दर दिला, तुमच्यानं किती?" असं विचारतात, तेव्हा त्यांचाही आवाज असाच असतो. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती ही साखर कारखान्यांची नावं आमच्याकडं बोटांवर मोजली जातात, अगदी पॉइंट टेबल मोजावं तशी. टनामागं थोडा दर वर-खाली झाला तर वर्षभर मान ताठ किंवा खाली. ती सवय घरातूनच आली आहे. पोरांनी फक्त नावं बदलली.

पण हे वैर कुठून आलं असेल, हे शोधत मागं गेलो तेव्हा एक गोष्ट हाती लागली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. लिव्हरपूल आणि मँचेस्टर ह्यांच्यातलं भांडण कालव्याचं होतं.

मँचेस्टर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचं शहर, आणि त्याला समुद्र नाही. कापूस उतरायचा लिव्हरपूलच्या बंदरात. तिथं बंदराची पट्टी भरा, पुढं रेल्वेचं भाडं भरा, मग माल गिरणीत. मँचेस्टरचे लोक म्हणाले, आम्ही समुद्रच दारात आणतो. जहाज चालेल एवढा रुंद कालवा खणायची परवानगी त्यांनी पार्लमेंटकडं मागितली. लिव्हरपूलनं जिवाच्या आकांतानं विरोध केला. दोनदा विधेयक पडलं, तिसऱ्यांदा, 1885 साली, मंजूर झालं. 1894 मध्ये 58 किलोमीटरचा कालवा पुरा झाला आणि लिव्हरपूलच्या धक्क्यांवरून पुढं मँचेस्टरकडं जहाजं निघून जाऊ लागली. आजही मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांच्या चिन्हावर जहाज आहे, त्या समुद्र नसलेल्या गावाच्या.

आमचा कालवाही त्याच काळातला. 1876-77 च्या दुष्काळानं आमचा भाग भाजून निघाल्यावर इथला कालवा हाती घेतला गेला, आणि 1885 च्या सुमारासच त्यातून पाणी वाहू लागलं. बारामती ते इंदापूर अंतर 50 किलोमीटरच्या आसपास. लिव्हरपूल ते मँचेस्टरही तेवढंच. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा दोघंही क्षणभर गप्प झाले. मग माझा मुलगा भाच्याकडं बघून म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिथं पण वरच्या अंगालाच बसलेले."

ज्या वर्षी मँचेस्टरचा तो कालवा खुला झाला, त्याच वर्षी वसंतात हे दोन संघ पहिल्यांदा भिडले. 28 एप्रिल 1894. युनायटेडचं नाव तेव्हा न्यूटन हीथ होतं, रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ. खालच्या विभागातून लिव्हरपूल वर येऊ पाहत होतं, वरच्या विभागात न्यूटन हीथ तळाला होतं; जो जिंकेल तो वर. लिव्हरपूल दोन-शून्यनं जिंकलं. भाच्याला हा निकाल तोंडपाठ आहे, जणू तो गोलजाळ्यामागं उभा होता.

ह्या लिव्हरपूल क्लबचा जन्म तर शुद्ध भाऊबंदकीतला. अॅनफिल्ड हे मैदान आधी त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचं. भाड्यावरून मैदानाचा मालक जॉन होल्डिंग ह्याच्याशी बिनसलं, आणि 1892 मध्ये एव्हर्टनचा संघ उठून बागेपलीकडं दुसऱ्या मैदानावर गेला. होल्डिंगच्या हाती मोकळं मैदान राहिलं, तेव्हा त्यानं नवा संघच उभा केला. वाटणीत घर एकाला गेलं, माणसं दुसऱ्याला. आमच्या प्रत्येक गावात असा एखादा वाडा आहे.

आणि मॅट बझ्बी. युनायटेडला घडवणारा माणूस, पण खेळाडू म्हणून मँचेस्टर सिटीकडून खेळला आणि नंतर लिव्हरपूलकडून, तिथं कर्णधारही झाला. मी आईला हे सांगितलं. तिला फुटबॉलचं काही ठाऊक नाही. तिनं विचारलं, "म्हणजे त्याचं माहेर तिकडचं आणि सासर इकडचं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग त्याला दोन्हीकडची भाषा कळत असणार."

शिकायला मी तीन वर्षं कोल्हापुरात होतो. फुटबॉल मी तिथंच पाहिला, राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. तिथं संघाचं नावच तालीम: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांच्या आखाड्यांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ भिडल्या की त्या दिवशी पेठेतल्या बायकाही निकाल विचारायच्या. पुढं 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, आणि त्या रात्री मी इंदापुरात बसून एकटाच ओरडलो. माझ्या पोरांना ते सुख नाही, त्यांना वैर लांबून आणावं लागलं. पण उसनं आणलेलं विरजणही आपल्या दुधात लागतं.

एकदाच मला दोघांवर रागवावं लागलं. युनायटेड हरलं होतं. भाचा उठला, दोन्ही हात विमानाच्या पंखांसारखे पसरले आणि ओट्यावर गिरकी घेतली. कुठल्या तरी व्हिडिओत त्यानं ते पाहिलं होतं. माझा मुलगा काही न बोलता उठून गोठ्याकडं निघून गेला. मी भाच्याला बसवलं. ते पंख म्हणजे 6 फेब्रुवारी 1958. बेलग्रेडहून परतताना युनायटेडचं विमान म्युनिकला इंधन भरायला थांबलं, बर्फाच्या चिखलातून उडायचे दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यात कोसळलं. 23 माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स 21 वर्षांचा होता. तो दवाखान्यात पंधरा दिवस झुंजला. मग मी मुलालाही बोलावून आणलं आणि दोघांना हिल्सबरो सांगितलं. 15 एप्रिल 1989, शेफील्डचं मैदान, कठड्यांमागच्या गर्दीत चिरडून लिव्हरपूलची 97 माणसं गेली. शेवटचा जखमी 2021 मध्ये गेला. वर्षानुवर्षं दोष त्या मेलेल्यांच्याच माथी मारला गेला, आणि प्रेक्षकांची काहीही चूक नव्हती असं ज्युरीनं सांगायला 2016 उजाडलं. त्यावरूनही समोरचे चिडवतात.

माझ्या वडिलांचा आणि चुलत्याचा बांधावरून अकरा वर्षं दावा चालला. त्या काळात एका घरचं लग्न दुसऱ्या घरानं पाहिलं नाही. पण आजी गेली तेव्हा चुलता सगळ्यांच्या आधी आला, खांदा दिला, दहाव्यापर्यंत थांबला. तेराव्यानंतर दावा पुन्हा सुरू झाला. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर चालतं. मयताला गेलंच पाहिजे. हिल्सबरोनंतर लिव्हरपूल शहरात माणसांनी गळ्यातले मफलर एकमेकांना गाठी मारून जोडले, लाल आणि निळे, आणि ती माळ बाग ओलांडून एव्हर्टनच्या मैदानापासून अॅनफिल्डपर्यंत नेली. भांडून वेगळ्या झालेल्या त्या दोन घरांमध्ये. भाच्यानं मान खाली घातली होती. त्यानं पुन्हा कधी तसे हात पसरले नाहीत, आणि माझ्या मुलानंही हिल्सबरोचा उच्चार थट्टेत केला नाही.

बाकी सगळं चालू असतं. पोरांचा आवडता शब्द वर्चस्व. फर्ग्युसननं युनायटेडला 1993 ते 2013 तेरा वेळा लीग जिंकून दिली, ते वर्चस्व. सिटीनं 2021 ते 2024 सलग चार जिंकल्या, जे इंग्लंडमध्ये आधी कुणालाच जमलं नव्हतं, ते वर्चस्व. सिटीचं नाव निघालं की दोघं एक होतात. समाईक वैऱ्यापुढं आते-मामे भाऊच उरतात. मी मात्र टेलचा माणूस आहे. मला लेस्टर आठवतं. 2015-16 चा हंगाम सुरू होताना त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव होता, आदल्या वर्षी ते जेमतेम वरच्या लीगमध्ये टिकले होते. आणि लीग जिंकले. त्या वर्षी मी पोरांच्या बरोबरीनं तक्ता वाचायचो. शेपटाला पूर्ण दाबानं पाणी आलं की चारी कशी भरून वाहते, ते मला त्या तक्त्यात दिसत होतं.

त्यांच्या मॅच रात्रीच्या, आणि आमची शेतीची वीजही एका आठवड्यात रात्रीची. म्हणून मुलगा मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर टेकवून उसाला पाणी धरतो. एक सरी भरली की खोरं घेऊन पुढची फोडायची, परत येऊन स्कोअर बघायचा. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. तो तिथला जुना नियम. मँचेस्टरच्या माणसाला घरात बसून न दिसणारी मॅच माझ्या उसाच्या बांधावर दिसते, बेडकांच्या आवाजात.

27 एप्रिल 2025 ला, रविवारी, भाचा बारामतीहून मोटरसायकलवर आला. लिव्हरपूलला एक गुण हवा होता. रात्री नऊला अॅनफिल्डवर टॉटनहॅमशी सामना सुरू झाला, आणि बाराव्या मिनिटाला टॉटनहॅमनंच गोल केला. माझा मुलगा उठून नाचला. मग डियाझ, मॅक अॅलिस्टर, गाकपो, आणि विश्रांतीनंतर सालाह, वर टॉटनहॅमचाच एक स्वयंगोल. पाच-एक. 2020 मध्ये लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली होती तेव्हा कोरोनामुळं मैदान रिकामं होतं. ह्या वेळी ते भरलेलं होतं, आणि कॅमेरा पायऱ्यांवरच्या रडणाऱ्या म्हाताऱ्यांवरून फिरत होता. भाचाही रडत होता. विसावी ट्रॉफी. वीस-वीस.

युनायटेड त्या हंगामात पंधराव्या नंबरावर राहिलं. माझ्या मुलानं बराच वेळ काही म्हटलं नाही. आई आतून आली, तिनं भाच्याचे डोळे पाहिले आणि घाबरून विचारलं, "काय झालं रं?"

"काही न्हाय आज्जी," माझा मुलगा म्हणाला. "ह्याच्याकडं पाणी आलंय."

बारा वाजून गेले होते, तारीख 28 एप्रिल झाली होती. विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मुलानं खोरं उचललं आणि बॅटरी भाच्याच्या हातात दिली. "चल, बारं द्यायचंय. तिकडंच बोल काय बोलायचंय ते." दोघं उसात शिरले. बॅटरीचा उजेड सरीसरीनं पुढं जात राहिला आणि मागून आवाज येत राहिले, "आता एकविसावी कुणाची ते सांग," "आमचीच," "बघू की." आई ओट्यावर बसून ते ऐकत होती. पाणी किती आलंय, हे ती अंधारात आवाजावरून ओळखते.