उभी-आडवी नांगरट

दिवाळीत कुंडलला ओसरीवर बसलो होतो. पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. "काका, तीन बाय तीनचं मॅट्रिक्स ट्रान्सपोज करायचंय, पण जसं देतोय तसंच परत येतंय."

आकडे त्याने आबांच्या वहीतून उचललेले. गेल्या हंगामात कारखान्याला गेलेल्या उसाचे टन. एका ओळीत एक ट्रॅक्टर, एका उभ्या रांगेत एक दिवस.

18 21 17
20 16 19
22 18 20

आडवं वाचलं की कुठल्या ट्रॅक्टरने किती ऊस घातला ते कळतं. ट्रान्सपोज केलं की आडव्या ओळीत दिवस येतो. आकडे तेच, विचारायचा प्रश्न बदलतो.

सी भाषेत प्रोग्राम लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ही चूक एकदा तरी करतो, मीही केलीय. दोन्ही लूप शून्यापासून दोनपर्यंत फिरत होते. पहिल्या ओळीत असताना 21 आणि 20 यांची अदलाबदल झाली. दुसऱ्या ओळीत पोचल्यावर त्याच जोडीची पुन्हा. गेले तसे घरी आले! बाहेरच्या लूपचा आकडा i, आतल्याचा j; आतला लूप i+1 पासून सुरू करायचा. मग फक्त तीन अदलाबदली होतात, आणि कर्णावरचे 18, 16, 20 जागचे हलत नाहीत.

हेच त्याने रस्ट भाषेत करून पाहिलं. दोन घरांचे बदलता येणारे संदर्भ एकदम मागितले, तर कंपायलर अडून बसला. त्याच्या लेखी दोन्ही संदर्भ एकाच मॅट्रिक्सची उसनवारी. i आणि j वेगळे आहेत हे त्याला कुठे ठाऊक? एका सातबाऱ्यावर दोन बोजे चढवायला तो तयार नाही. मला हा त्याचा हट्ट आवडतो. एक आकडा तात्पुरत्या चलात ठेवला की काम होतं.

"पण एवढ्याशा मॅट्रिक्ससाठी एवढा खटाटोप?" पुतण्याने विचारलं.

नऊ आकडे, प्रत्येकी चार बाइट, झाले छत्तीस. प्रोसेसर मेमरीतून बहुधा 64 बाइटांचा घास घेतो, म्हणजे एका, फार तर दोन घासांत सगळं आत. पण 4096 बाय 4096 घेतलं, की सी किंवा रस्टमध्ये खालचं घर 16,384 बाइट लांब जातं. उभं चालताना प्रत्येक घराला नवा घास.

हे आबांना नांगरटीवरून लगेच पटलं. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. तिथला लोखंडी नांगर आमच्याकडे होता. लांबट पट्टी आडवी नांगरायला घेतली की बैल वळवण्यातच दिवस जायचा. नांगराचा वेळ तासात कमी, वळणावर जास्त. म्हणून मोठं मॅट्रिक्स आम्ही वाफे पाडून पालटतो: छोटा चौकोन घ्यायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा. चौकोन किती मोठा धरायचा, ते मात्र यंत्रावर मोजूनच ठरतं.

तोवर पुतण्याने शून्याच्या जागी i+1 लिहिलं. पडद्यावर पहिली ओळ आली: 18 20 22.

आबांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे पहिल्या दिवशी साठ टन. वहीत मी अठ्ठावन्न धरलेत की रे."