पडद्याची दोरी

माझं बालपण जामबागेत गेलं. सकाळी दार उघडलं की फुलांच्या बाजाराचा वास आत यायचा. विवेकवर्धिनी हाकेच्या अंतरावर. ज्या संस्थानात १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून होतं, तिथे आपल्या माणसांनी मराठी शाळा उभारली आणि चालवली, ही गोष्ट घरात आजोबा अभिमानाने सांगत.

मला मात्र त्या वयात अभिमान वाटावा असं स्वतःत काहीच दिसत नव्हतं. सहावीत असताना आमच्या गल्लीतल्या गणपतीत मुलांचं नाटक होतं. मला चारच वाक्यं होती. दुसऱ्याच वाक्याला अडले. समोरची मंडळी हसली आणि मी रडत घरी पळाले. दुसऱ्या दिवशी नाटक बसवणारे काका घरी आले. समजूत वगैरे काही घातली नाही. म्हणाले, "उद्या मोठ्यांचं नाटक आहे. पडदा ओढायला माणूस नाही. येतेस?"

गेले. दोरीने हात सोलून निघाले. पण मी पडदा उघडल्याशिवाय नाटक सुरू होत नाही, हे त्या रात्री मला कळलं. पुढची तीन वर्षं पडदा माझ्याकडेच होता.

हे सगळं मी कसं विसरले कोण जाणे! दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीत माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला सूत्रसंचालन दिलं होतं. तो इंग्रजी शाळेत शिकतो, मित्र सगळे तेलुगू. माइक हातात घेऊन तो जोरात म्हणाला, "गणपती बाप्पा आली!" सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, माइक ठेवला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी आलाच नाही. बहीण म्हणाली, "त्याला मराठीची आवडच नाही." मला ठाऊक होतं, तसं नव्हतं.

यंदा मी त्याच्याकडे गेले. आधी माफी मागितली. मग विचारलं, "पहाटे गुडीमलकापूरला फुलं आणायला जायचंय. घाऊक बाजार आता तिकडे गेला. माझं तेलुगू भावापुरतंही नाही. चलतोस?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मावशी, खरंच काम आहे, की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच काम आहे. तू नाही आलास तर मी दुप्पट पैसे देऊन येईन."

पहाटे पाचला तो तयार होता. घासाघीस त्याने केली, हिशेब त्याने लिहिला. दुसऱ्या दिवशी दोन मित्रांनाही घेऊन आला. दहा दिवस फुलं त्या तिघांकडे. एके दिवशी त्यांना उशीर झाला, तर आरतीला जमलेली सगळी मंडळी दाराकडे बघत थांबली होती. तो धापा टाकत आत आला, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय, हे त्याला दिसलं होतं.

आपण मुलांना टाळ्या देतो, बक्षिसं देतो. ती द्यावीतच. पण ज्यावाचून अडेल असं एखादं काम त्यांच्या हाती सोपवतो का? आणि ते चुकले तर चारचौघांत हसायचं नाही, एवढं तरी आपल्याला जमावं. भाषा घरी, हळूच सुधारता येते. मन एकदा उठलं, की ते परत आणायला दोन वर्षं लागतात.

विसर्जनाहून परतताना तो म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी गणपती लवकर येणार ना? म्हणजे... येणार, की येणारी?"

"येणार," मी म्हटलं. या वेळी हसलो ते दोघंही.