पलटणीतून आलेला चेंडू

माझ्यावर फौजींचं ऋण आहे आणि ते दोन जागी झालेलं आहे. एक पानशेतच्या बांधावर, माझ्या जन्माच्या आधी. दुसरं तोरण्याच्या पायथ्याशी, आमच्या शाळेच्या मैदानावर, मी परकर खोचून चेंडूमागे धावत होते तेव्हा. आज भोरला शाळेत खेळाचा तास घेते आणि त्यावर माझं घर चालतं, ते या दुसऱ्या ऋणामुळे.

पानशेतची गोष्ट आधी सांगते, कारण आमच्या घरात तीच आधी सांगितली जायची. धरण वेल्हे तालुक्यातलं, आंबी नदीवरचं. आईचं माहेर त्याच खोऱ्यात. जमीन पाण्याखाली जाणार म्हणून ती माणसं आधीच उठलेली. १९६१ च्या पावसाळ्यात, काम पुरतं झालेलं नसताना पाणी अडलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मातीचा बांध खचायला लागला आणि लष्कराला बोलावणं गेलं. ११ जुलैची रात्र जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचण्यात काढली. बांध खचायचा, पोती पडायची, पुन्हा खचायचा, पुन्हा पोती. १२ तारखेच्या सकाळी धरण फुटलंच, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. पण पुण्यात पाणी शिरलं ते दिवसाउजेडी. झोपेत शिरलं असतं तर नदीकाठच्या पेठांत कोण उरलं असतं? आईची मावशी नारायण पेठेत राहायची. अंगावरच्या लुगड्यानिशी दोन्ही लेकरं घेऊन ती उंचावर पळाली. घर गेलं, माणसं राहिली.

आई म्हणायची, "फौजींनी ती रात्र धरून ठेवली." वेल्ह्याच्या मेंगाईला ती दर जत्रेला एक नारळ जास्तीचा वाढवायची. कुणाच्या नावाचा म्हणून विचारलं तर म्हणायची, "नावं कुणाला ठावं? बांधावरच्या पोरांचा." देवाधर्माचं माझं पहिलं शिक्षण हे. ज्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी देवापुढं उभं राहायचं.

आता मैदानाकडे येते. आमच्या भागात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाला सगळे मेजरच म्हणतात. आमचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, ही त्यांची पलटण. घरी आले तेव्हा काळ्या पत्र्याच्या पेटीत घोंगडी आणि मेडलं होती, आणि तळाशी हवा काढून चपटा केलेला कातडी फुटबॉल, पंप, पितळी सुई आणि शिट्टी. चेंडू जालंधरचा. फाळणीत सियालकोट सोडून आलेल्या लोकांनी जालंधरला खेळाच्या सामानाचा धंदा उभा केला, हे मला पुढं बी.पी.एड. करताना कळलं. मेजरांना ते तिथल्या छावणीत राहूनच माहीत होतं.

वेल्ह्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, आमच्याकडे जून ते सप्टेंबर क्रिकेट नावाची गोष्ट नसते. सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं, आणि ती पाण्यानं भरलेली. शाळेचं मैदान ओढ्याच्या बाजूला उतरतं. त्या उतारावर मेजरांनी कळकाचे चार वासे रोवले आणि संध्याकाळी पाचला शिट्टी वाजवली. पलटणीत असते तशी गेम परेड. लावणी उरकून आलेली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली पोरं रांगेत उभी राहायची. नियम दोनच. ज्यानं गोल केला त्यानंच ओढ्यात गेलेला चेंडू आणायचा. आणि समोरचा पडला, तर आधी त्याला हात द्यायचा, चेंडू मग. "आरं, बॉल कुठं पळून चाललाय? माणूस उचल," हे त्यांचं वाक्य माझ्या कानात आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्याही.

पावसात भिजलेला कातडी चेंडू दगडासारखा जड व्हायचा. खेळ संपला की मेजर तो घरी नेऊन फडक्यानं टिपायचे, शिवणीत अडकलेला चिखल काडीनं काढायचे, खोबरेल चोळायचे आणि चुलीपासून हातभर लांब ठेवायचे. जवळ ठेवला तर कातडं तडकतं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. बहुतेक शाळांत आज चेंडू जाळीत कोंबून कपाटात फेकतात. मी फेकू देत नाही.

मुली खेळायला आल्या त्या मेजरांमुळे. वडिलांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. एका संध्याकाळी मेजर आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"तुझी लेक धावती," ते वडिलांना म्हणाले.

"आबा, पोरीची जात. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो. तू तिला धावू दे."

एवढंच बोलणं झालं. लोकांचं त्यांनी काय बघितलं ते मला कधी कळलं नाही. पण माझ्या पाठोपाठ वाडीतल्या आणखी पोरी मैदानावर आल्या. माझी बी.पी.एड.ची पदवी, नोकरी, मुलांची शिक्षणं, सगळं त्या ओट्यावरून निघालेलं आहे.

लढाईबद्दल ते फार बोलत नसत. १९७१ च्या डिसेंबरात जंगी पलटण बांगलादेशातल्या जमालपूरला होती, ले. कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली. जमालपूर वेढलं गेलं होतं. शरण या म्हणून पत्र पाठवलं, ते एक मुक्तिवाहिनीवाला घेऊन गेला. उत्तरात पाकिस्तानी कमांडरनं चिठ्ठीत गुंडाळून बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडू पाहणारी फौज मराठ्यांनी अडवली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. त्याच ११ तारखेला टांगाइलला छत्र्यांनी उतरली ती २ पॅरा, म्हणजे पूर्वीची मराठ्यांचीच तिसरी बटालियन. आम्ही पोरं गोळीची गोष्ट पुन्हापुन्हा मागायचो. मेजर सांगायचे ती दुसरीच. लढाई थांबल्यावर एका शाळेच्या मैदानावर पलटणीचा तळ पडला होता. तिथं गावातली पोरं चिंध्यांचा चेंडू घेऊन आली आणि जवानांना खेळायला बोलावू लागली. "ज्यांनी नऊ महिने घरं जळताना बघितली, ती पोरं आठवड्यात खेळाया आली," ते म्हणायचे. "तवाच ठरवलं, गावाकडं जाईन तर चेंडू घेऊन."

त्या देशाला फुटबॉलचं काय वेड आहे हे मी नंतर वाचलं. त्याच १९७१ मध्ये भारतात आश्रयाला आलेल्या खेळाडूंनी 'स्वाधीन बांगला' फुटबॉल संघ उभा केला. झकारिया पिंटू कर्णधार. जुलैत नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला पहिला सामना झाला, मग गावोगाव फिरून त्यांनी मुक्तिलढ्यासाठी पैसा जमवला. मुंबईतही ते खेळले आणि तिथं त्यांच्यासमोर महाराष्ट्राच्या बाजूनं मैदानात उतरले होते क्रिकेटवाले मन्सूर अली खान पतौडी. मी हे मेजरांना वाचून दाखवलं तेव्हा ते थकले होते, बाजेवर पडून असायचे. पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजे आम्ही तिकडं गोळ्या चालवत व्हतो, तवा ही पोरंबी लढतच व्हती."

मेजर माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ आणि पलटणीतली ओळखीची चकती, दोन्ही शेवटपर्यंत होती. एकादशी चुकली नाही. पण देवाकडे काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळा, कोयता पुजतात. मेजरांच्या पाटावर त्यांच्या शेजारी फुटबॉल असायचा, पंप, सुई आणि शिट्टीसुद्धा. हळदकुंकू, झेंडूचं एक फूल. त्या दिवशी चेंडूला पाय लावायचा नाही. दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून झालं की पहिली किक ते स्वतः मारायचे, आणि चेंडूवरचं कुंकू उडालेलं मला अजून दिसतं. श्रद्धा म्हणजे काय यावर मी पुष्कळ कीर्तनं ऐकली. ज्यानं आपण जगतो त्याला हात जोडायचे आणि मग त्याच्याकडून कसून काम करून घ्यायचं, हे मेजरांच्या पाटाशी शिकले.

ते गेले आणि खरं काम सुरू झालं. त्यांच्या बायकोची, आमच्या काकींची, कौटुंबिक पेन्शन अडली. कारण असं की पलटणीच्या कागदावर त्यांचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत, ती कुठल्या संगणकाला कशी कळावी? प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, मग तिथून दुरुस्तीचा आदेश, मग संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' या प्रणालीत नाव बसणं. वेल्ह्याहून एसटीनं चेलाडी फाटा, तिथून पुणे. परतताना शेवटची गाडी चुकली तर फाट्यावरच थांबायचं. काकी कधी कुरकुरल्या नाहीत. मला मात्र राग यायचा. ज्यानं ब्रह्मपुत्रेपलीकडे जाऊन लढाई केली त्याच्या बायकोला आपण हीच आहोत हे सिद्ध करायला एवढं फिरायला लागावं, हे मला आजही पटत नाही.

त्या फेऱ्यांत कळलं की काकी एकट्या नाहीत. भोर, वेल्हे, दोन्हीकडच्या वाड्यांत अशा कितीतरी. कुणाची जन्मतारीख भरतीच्या वेळी अंदाजानं लिहिलेली. कुणाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा राहिला म्हणून पेन्शन बंद, आणि बंद का झाली हे कुणी सांगितलेलंच नाही. माझे दोन जुने विद्यार्थी आणि मी रविवारी भोरला बसू लागलो. एक लॅपटॉप, बोटाचे ठसे घेणारं यंत्र आणि मोबाइल.

एक आजी नेहमी डोळ्यांसमोर येतात. हिरडस मावळातल्या. नवरा सॅपर्समध्ये होता. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. पदरानं पुसून ठेवलं, ओलं करून ठेवलं, अंगठा, तर्जनी, सगळी बोटं झाली. उजेडात हात धरून पाहिला तर रेषाच नव्हत्या. जन्मभर लावणी, कापणी, भांडी आणि शेणगोठा करून त्या झिजून गेलेल्या. आता चेहऱ्यावरून ओळख पटवणारी सोय आहे, ती काढली. त्यात डोळे मिटून उघडायचे असतात. आजींना सांगितलं की त्या डोळे मिटायच्या आणि हात जोडायच्या, देवापुढं उभं असल्यासारख्या, आणि मिटलेलेच ठेवायच्या. शेवटी माझ्या विद्यार्थ्यानं मोबाइलमागे उभं राहून स्वतः डोळे मिचकावून दाखवले. तसं त्यांनी केलं. हिरवी खूण आली. आजी म्हणाल्या, "झालं? जित्ती हाय म्हणत्यात का?"

दरवर्षी शाळेची मुलं घेऊन मी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला जाते. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथं राहतात आणि चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. खेळ बघताना आमची मुलं आधी गप्प होतात, मग आरडाओरडा करून टाळ्या वाजवतात. तिथं मी त्यांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगते. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा मुलगा, ईएमईतला जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. एवढा उशीर का, असं मुलं विचारतात. उत्तर मी देत नाही; ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे डबे घेऊन त्यांना बाजारपेठेत पाठवते.

आमच्या तालुक्यांत शौर्याच्या गोष्टींचा तोटा नाही. राजगड, तोरणा, रोहिडा डोक्यावर उभे आहेत, वेल्हे तालुक्याचं नावही राजगड करायचं ठरलं. पूर्वजांच्या तलवारींना आपण मनापासून हात जोडतो, आणि जोडावेतच. तेवढ्याच मनानं स्टँडवर पिशवी घेऊन बसलेल्या निवृत्त नाईकाची चौकशी करावी, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या वाडीत, आळीत, सोसायटीत माजी सैनिक किंवा त्याची पत्नी असेल तर येत्या नोव्हेंबरात मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा. हयातीचा दाखला झाला का विचारा. पेन्शनच्या कागदावरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर अडचण यायची वाट न बघता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांना घेऊन जा. प्रत्येक जिल्ह्यासाठी असं कार्यालय आहे आणि ते याच कामासाठी आहे. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना महाराष्ट्रात २०२० पासून घरपट्टी माफ आहे. आमच्याकडच्या अनेकांना हे ठाऊक नव्हतं आणि ते भरत राहिले. तो अर्जही त्याच दिवशी ग्रामपंचायतीत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.