जागल आणि दहा गुण

अमरावतीत मानसशास्त्रात एम.ए. करताना ‘विश्राम’चा पेपर वाचला आणि पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याबद्दल आहे. याच जिल्ह्यातल्या ३० गावांत कार्यकर्ते आणि समुपदेशक फिरले, लोकांशी ताणाबद्दल बोलले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त आकडे आले. नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर.

वर्ग खूश. मला मात्र प्रश्न पडला, की नैराश्य मोजलं कशानं?

‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीनं. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहा किंवा जास्त झाले की नैराश्याची शक्यता. २००१ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांत ती तपासली गेली. एकाग्रतेच्या प्रश्नात उदाहरण आहे पेपर वाचण्याचं किंवा टीव्ही बघण्याचं.

दिवाळीनंतर अकोल्याकडे आत्याच्या गावी गेले तेव्हा तिलाच विचारलं. झोप? “डुकरं घुसतात ना बाप्पा हरभऱ्यात. रातभर जागल करा लागते, झोपू कधी?” तीन. थकवा? तीन. भूक? दोन. लक्ष लागत नाही? दोन. झाले दहा! पण मन उदास आहे का, कशात रस वाटत नाही का, या दोन मुख्य प्रश्नांना शून्य. आत्या आजारी नव्हती, रब्बीचा हंगाम होता.

संशोधनात याला वैधता म्हणतात. कापसाच्या वजनकाट्याचं घ्या. तोच गठ्ठा दहादा ठेवला आणि दहादा तोच आकडा आला, तर काटा विश्वसनीय. पण कापूस ओला असेल तर त्या आकड्यात पाणी किती, हे काटा सांगत नाही. आत्याच्या दहात जागल किती?

दुसरी शंका आकड्यांच्या फरकाची. ‘विश्राम’मध्ये आधी आणि नंतर अशी दोन सर्वेक्षणं झाली, पण कार्यक्रम नसलेली गावं तुलनेला नव्हती. मधल्या काळात पाऊस बदलतो, भाव बदलतो, माणसाचं मनही. म्हणून १४.६ ते ११.३ या घटीचं श्रेय कार्यक्रमाला द्यायला मी बिचकते. मदत घेणारे सहापट झाले, त्यावर मात्र माझा विश्वास बसतो. पाऊस चांगला झाला म्हणून कुणी समुपदेशकाकडे जात नाही. (गाईडना हे पटलं नाही. त्यांच्या मते दोन्ही आकडे सारखेच कच्चे.)

मग प्रश्नावली फेकून द्यायची का? नाही. ज्या वऱ्हाडात आत्महत्येची बातमी पेपरात आतल्या पानावर जाते, तिथे कुणीतरी दारात येऊन झोपेबद्दल विचारतं, ही लहान गोष्ट नाही. जास्त भीती दहाच्या वरच्यांची नाही, खालच्यांची वाटते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. ओसरीवर सासू, दीर, शेजारी बसलेले असताना त्याला “नाही” हेच उत्तर येतं, आणि कागदावर शून्य पडतो.

आत्यालाही मी तो विचारला, चुलीपाशी, दोघीच असताना. ती थोडा वेळ भाकरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पोरी, हे इचारायले माणूस एकदाच येते का? का पुन्हा येते?”