जू आणि अंतःकरण

ख्रिस्ती घरात वाढलेल्या बहुतेकांच्या कानांवरून नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायातील तेविसावे वचन लहानपणीच गेलेले असते. राखावयाच्या साऱ्या गोष्टींत अंतःकरणाचा क्रम पहिला, असा त्याचा आशय. तरुणांच्या शिबिरांतून ते हमखास ऐकविले जाते आणि त्याच्या जोडीला पौलाची दोन वाक्ये येतात. एक विषम जुवाखाली न जाण्याविषयीचे, दुसरे कुसंगतीविषयीचे. (यांतले दुसरे पौलाचे स्वतःचे नव्हे. ते मेनांडर या ग्रीक विनोदी नाटककाराचे मानले जाते. नाटकांची निंदा करणाऱ्या उपदेशकांना हे सांगितले की ते थोडे खट्टू होतात, असा आमचा अनुभव आहे.)

या उपदेशात धोका नेहमी बाहेरून येतो. तो परधर्मीय प्रियकराच्या, व्यसनी मित्राच्या किंवा नास्तिक सोबत्याच्या रूपाने येतो. हे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अंतःकरणाला खरा ओरखडा उमटविणारे जे नाते आमच्या वाट्याला आले, ते प्रार्थनेच्या वर्तुळातलेच होते. वयाने व मानाने मोठ्या असलेल्या एका बाईंनी आम्हांवर मनापासून माया केली. आजारपणात रात्री जागविल्या. पुढे आम्ही प्रबंधासाठी वारकरी संतांचा विषय निवडला, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, त्या रडल्या. पुढच्या सभेत सर्वांदेखत आमचे नाव घेऊन आमच्या उद्धारासाठी त्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणावे की न म्हणावे? माया खरी होती, म्हणूनच तिच्यापासून स्वतःला राखणे कठीण होते. विषय आम्ही बदलला नाही. त्या वर्तुळात मात्र पुढे आमचे मन रमले नाही.

या वचनातील मूळ हिब्रू शब्द ‘लेव’. आजच्या भावगीतांतले हृदय आणि हा शब्द एक नव्हेत. हिब्रू माणूस ‘लेव’ने विचार करतो, निर्णय घेतो, संकल्प करतो. प्रचलित मराठी बायबलात येथे ‘अंतःकरण’ हा शब्द आहे आणि तो आम्हांला फार समर्पक वाटतो. वेदान्ताच्या परिभाषेत अंतःकरणात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चौघे नांदतात. तेव्हा राखावयाची ती केवळ कोवळी भावना नव्हे, स्वतःची विवेकबुद्धीही. आणि राखण करणारा पहारेकरी दार विटांनी बुजवून टाकीत नाही. तो दारात उभा राहतो.

असा पहारा कसा करावा, हे आम्हांला कोणत्याही प्रवचनापेक्षा पंडिता रमाबाईंच्या पत्रांतून अधिक उमगले. सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केलेला हा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने 1977 साली ग्रंथरूपाने आला. वर्गात तो शिकविताना विद्यार्थी प्रथम रमाबाईंची बाजू घेतात आणि जेराल्डीनना खलनायिका ठरवून मोकळे होतात. प्रकरण इतके सोपे नाही.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला पोहोचल्या तेव्हा आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, पतीही गेलेले. जवळ चिमुकली मनोरमा होती आणि ऐकू येणे कमी होत चालले होते. वाँटेजच्या मठात त्यांना आसरा मिळाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या आणि रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणू लागल्या. ज्या बाईला घर उरले नव्हते, तिने एका परक्या स्त्रीला हे नाव द्यावे, यात काय काय आले असेल!

पुढे खटके उडू लागले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांचे मत मागविण्यात आले आणि ते प्रतिकूल पडले. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. आहारावरून बोलणे झाले, त्रैक्याच्या सिद्धान्तावरून झाले, मनोरमेला काय शिकवावे यावरून तर फारच झाले. जेराल्डीनना या साऱ्यात गर्व आणि हट्ट दिसत होता. शिष्येला नम्रता शिकविणे हे त्या आपले कर्तव्य समजत.

1885 सालच्या एका पत्रात रमाबाई स्पष्ट कळवितात की ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधलेली नाही. भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरविले, आता तसलेच दुसरे घेणार नाही. येथे आम्ही वर्गात नेहमी थांबतो. जू हा शब्द पौलाचाही आहे आणि आपले जू सोयीचे आहे असे सांगणाऱ्या येशूचाही. शिबिरांत ज्या प्रतिमेने बाहेरच्यांची भीती घातली जाते, तीच रमाबाईंनी आतल्यांपुढे ठेवली.

आणि तरीही त्यांनी नाते तोडले नाही. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले; आजीबाईंशी पत्रे चालूच राहिली. त्यांत कृतज्ञता आहे आणि नकारही आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. ज्यांना दाराशी थांबविले त्यांच्यावर प्रेम करीत राहणे, हे आम्हांला तरी साधलेले नाही.

असो. रमाबाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही वाचता यावे, म्हणून भाषा साधी ठेवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या आणि ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. तो केडगावला मुक्ती सदनाच्या स्वतःच्या छापखान्यात छापला गेला, आणि छपाईचे काम तेथील स्त्रियांनीच केले.